पाण्याशिवाय पाते फिरू न देणारे मल्लाप्पाअण्णा

आज शुक्रवारी दुपारचे बारा वाजले तरी दगडकाम कारागीर संघाच्या नव्या सभागृहावरील दगड कापण्याची दोन्ही यंत्रे बंद आहेत. कामावरच्या अभियंता सुप्रिया माने यांनी फोनवर याला दुजोरा दिला. "मंगळवारपासून एकही दगड कापलेला नाही आणि अण्णा हो म्हणेपर्यंत कापला जाणार नाही," असे त्यांनी सांगितले. हे सभागृह कोल्हापुरात गडमुडशिंगीच्या रस्त्याला उभे राहत आहे. परवा रविवारी सकाळी दहा वाजता त्याच्याच दर्शनी कमानीखाली मल्लाप्पा शिवाप्पा हुक्केरी यांचा पंच्याहत्तरीनिमित्त सत्कार व्हायचा आहे. कमान अर्धवट आहे, आणि ती अर्धवट ठेवणारे दुसरे कोणी नसून स्वतः सत्कारमूर्ती आहेत.

कारण सांगायला सोपे आहे. यंत्रे पाण्याशिवाय आणि गार्डाशिवाय चालवली जात होती. ती नीट चालेपर्यंत आपण सत्काराला येणार नाही, असे अण्णांनी गौरव समितीला कळवले आहे. सत्कारात प्रकाशित होणाऱ्या या गौरवग्रंथाची शेवटची आठ पाने माझ्या लेखासाठी छापखान्यात थांबली आहेत. संपादक म्हणून माझ्याकडून एका गोड, सुरळीत लेखाची अपेक्षा होती. या माणसावर तसा लेख लिहिता येत नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दगड, फरशी किंवा वीट कापणाऱ्या यंत्राला पोलादाचे गोल पाते असते. त्याला करवतीसारखे दात नसतात. त्याच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात आणि ते दगड घासत घासत आपली वाट काढतात. या घासण्याने पाते तापते आणि दगडाची पिठासारखी धूळ उडते. म्हणून पात्यावर पाण्याची धार सोडायची असते. पाणी पाते थंड ठेवते आणि धूळ खाली बसवते. पात्यावर लोखंडी आवरण असते, ते गार्ड. पात्याचा तुकडा सुटला तर तो माणसावर न येता गार्डवर आदळतो. पाणी नसले, गार्ड नसले, तरी दगड कापला जातो. उलट जरा लवकरच उरकतो. अण्णांचे आयुष्यभराचे भांडण या लवकर उरकण्याशी आहे.

माझी आणि त्यांची पहिली गाठही भांडणानेच पडली. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात वार्ताहर होतो. दसरा पुरवणीत कारागिरांवर लेख द्यायचा होता. शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला अण्णांचे दगड कापायचे आवार होते, तिथे मी छायाचित्रकाराला घेऊन गेलो. पान सोडायची वेळ जवळ आली होती. छायाचित्रकाराला फिरते पाते दिसायला हवे होते आणि उडणारा धुरळाही. त्याने अण्णांना गार्ड काढायला आणि दोन मिनिटे पाणी बंद करायला सांगितले.

"कशाला?" अण्णांनी विचारले.

"फोटो जिवंत येतो, अण्णा."

"फोटो येऊ दे की जिवंत. माणूस बी ऱ्हाऊ दे. गार्डासकट घ्या, न्हाईतर पलीकडं गोठा हाय, म्हशीचा घ्या. ती न्हाई म्हणायची न्हाई."

मी मध्ये पडलो. दोनच मिनिटांचा प्रश्न आहे, असे काहीतरी बोललो. त्यांनी माझा दंड धरला, मला तीन पावले बाजूला नेले आणि तिथे उभे केले. मी पात्याच्या बरोबर समोरच्या रेषेत उभा होतो, हे माझ्या गावीही नव्हते. ते म्हणाले, "पावणं, पात्याच्या सरळ रेषेत कवाच उभं ऱ्हायचं न्हाई. तुकडा सुटला तर तुमच्या पेपरात दुसरीच बातमी येईल."

फोटो गार्डासकट छापला गेला. त्या पुरवणीतला तो सर्वांत कंटाळवाणा फोटो होता. अण्णांनी त्याची चौकटही केली नाही. त्यांच्या पत्नी कस्तुरीअक्का यांनी तो कागद डब्यांच्या फळीवर अंथरला आणि पुढे कित्येक महिने अण्णांच्या चेहऱ्यावर तिखटाचा डबा होता.

अण्णा मूळचे सीमेकडच्या एका खेड्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी. त्यांचे वडील शिवाप्पा छिन्नी-हातोड्याने जाती, पाटे, उंबरे घडवत. पन्नाशी गाठायच्या आत त्यांना खोकल्याने धरले. गाव म्हणे, विडीचा खोकला आहे. शिवाप्पा विडी ओढत नव्हते. ही गोष्ट सांगताना अण्णांचा आवाज आजही चढतो. "माझा अप्पा दगूड हुंगून गेला," ते म्हणतात, "अन् गाव त्याला व्यसनी ठरवून मोकळं झालं." अण्णा तेव्हा वडिलांच्याच शेजारी बसून दगड घडवत होते. वडिलांच्या छातीत जे गेले ते थोडेफार आपल्याही छातीत असणार, हे धरूनच ते पुढे जगले आहेत.

हिऱ्याची पाती या भागात आली तेव्हा अण्णांनी एक यंत्र घेतले. त्याच्यासोबत इंग्रजी माहितीपुस्तिका होती. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांनी ओळखीच्या एका हायस्कूलमधील इंग्रजीच्या शिक्षकांना तीन संध्याकाळी आवारात आणून बसवले आणि पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतली. गार्ड आणि पाण्याचे पान त्यांनी पुन्हा वाचायला लावले. शिक्षक म्हणाले, अण्णा, हे सगळे कंपन्या आपल्या अंगावर येऊ नये म्हणून लिहितात. अण्णांचे उत्तर त्या शिक्षकांनीच मला सांगितले. "कंपनी तिच्या भीतीनं लिव्हती. मी माझ्या भीतीनं वाचतोय. मजकूर एकच हाय न्हवं?"

त्यांच्या आवारात सकाळी माणसांच्या आधी पात्याची हजेरी असते. यंत्राची विजेची पिन काढलेली असते. पाते उजेडात धरून पाहायचे, चीर आहे का, कडेचा एखादा तुकडा निखळला आहे का. पात्यावरचा बाण ज्या दिशेला, त्याच दिशेला ते फिरायला हवे. यंत्राचा वेग पात्यावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त नको. नट आवळायचा, गार्ड चढवायचे, पाणी सोडायचे आणि मग यंत्र मिनिटभर रिकामे फिरवायचे. त्या मिनिटात सगळे बाजूला उभे असतात. कोणी बोलत नाही. कानात बोळे घालण्याची अण्णांची सक्ती आहे, पण मोबाइलवरच्या गाण्यांना बंदी. हात पात्याची थरथर ओळखतो, पण लक्ष गाण्यात असेल तर हाताचे ऐकणार कोण, असा त्यांचा सवाल असतो. दगडही रेटायचा नाही. पाते ओढेल तेवढेच द्यायचे, आणि काप सरळ. मध्येच दगड फिरवला की पाते अडकते.

एकदा मी बसलो असताना फरशीकाम करणारे एक गृहस्थ स्वतःचे पाते घेऊन आले. पात्याचे भोक यंत्राच्या दांड्यापेक्षा मोठे होते. ते म्हणाले, पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवू, सगळीकडे तसेच करतात. अण्णांनी दारातले आपले पायताण उचलून त्यांच्यापुढे ठेवले.

"हे घाल. तुझ्या पायाला दोन नंबर मोठं हाय. आता त्या कोपऱ्यापतोर पळून ये बघू."

"अण्णा, पळायला कुठं सांगालाय?"

"तुला दहा पावलं पळवंना. अन् ते पातं मिनिटाला हजारदा पळणार, तेला ढिलं पायताण चालतंय व्हय?"

ते गृहस्थ हसले, पाते काखेत मारले आणि दुसऱ्या आवारात गेले. अण्णांची असली गिऱ्हाइके पुष्कळ गेली. त्यांनी कोणाला हाक मारून परत बोलावल्याचे मी पाहिलेले नाही.

पण अण्णांच्या हातून कधी चूक झालीच नाही, असे लिहिले तर ते स्वतःच मला हा लेख फाडायला लावतील. त्यांच्या आवारात एक अपघात झाला आहे, आणि तो आपल्या कोल्हापुरातच होऊ शकेल असा होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. कारखान्यातल्या लेथ मशीनपासून घरातल्या विळीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागते. दगड कापणाऱ्यांचे हत्यार म्हणजे पाते. त्याला कुंकू लावायचे तर गार्ड काढावे लागते. सगळ्या आवारांत वर्षानुवर्षे तेच चालत आले होते, अण्णांच्याही. गार्ड काढायचे, पाते पुसून लख्ख करायचे, कुंकवाची बोटे ओढायची, झेंडूची माळ घालायची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुटी. तिसऱ्या दिवशी माळ उतरवून काम सुरू.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी सकाळीच एक गिऱ्हाईक उंबऱ्याचा दगड घेऊन दारात उभे होते. वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आला होता. अण्णांचे सर्वांत जुने कारागीर दिलीप कांबळे यांनी माळ उतरवली, यंत्राला हात जोडले, पाणी सोडले आणि यंत्र सुरू केले. गार्ड कोपऱ्यात, निर्माल्याच्या पाटीखाली राहिले होते. माळेच्या दोऱ्याचा एक तुकडा पात्यामागच्या दांड्याला गुंडाळलेला होता. त्याचे टोक गरगरताना दिसले, तसा दिलीपरावांनी तो ओढायला डावा हात पुढे केला. गार्ड असते तर हात लोखंडावर आपटला असता. दोन बोटांची पेरे गेली. अण्णा दहा पावलांवर चहा पीत होते.

पुढच्या आठवड्यात संघाची बैठक झाली. त्यात बहुतेकांचे म्हणणे एकच होते, दिलीपचे लक्ष नव्हते. अण्णा उठून उभे राहिले. "दिलीपनं हात घातला, खरं हाय. पर नवमीला गार्ड काढायला मी सांगितलं हुतं अन् परत लावायला मी सांगितलं न्हाई. चूक माझी. लिव्हून घ्या." त्या वेळचे सचिव म्हणाले, अण्णा, असले इतिवृत्तात कशाला? उद्या कोणी बोट दाखवेल. अण्णा म्हणाले, "दाखवू दे की. ज्याच्याकडं बोट हाय त्यानं दाखवावं." आणि ते वाक्य वहीत उतरेपर्यंत ते खाली बसले नाहीत. मी ती वही पाहिली आहे. वाक्य आहे.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी पद्धत बदलली. गार्ड यंत्रावरच राहील, कुंकू गार्डला लागेल आणि माळ पात्यावर पाणी सोडणाऱ्या कॅनला. पाते कोणी उघडे करायचे नाही, देवासाठीही नाही. यावर फार बोलले गेले. हत्याराऐवजी टोपणाची पूजा करणारा माणूस, म्हणून चहाच्या गाड्यावर त्यांची टिंगल व्हायची. शेजारच्या आवाराचे मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा आता देवाला बी हेल्मेट घालणार."

"देवाला गरज न्हाई," अण्णा म्हणाले. "तुला हाय. डोकं असलं तर."

आज शिरोलीकडच्या कितीतरी आवारांत कुंकू गार्डलाच लागते. ही पद्धत कोणी सुरू केली हे तिथल्या नव्या लोकांना माहीतही नाही. दिलीपराव अजून अण्णांकडेच आहेत. सकाळची पात्याची हजेरी आता तेच घेतात.

अण्णांच्या मायेविषयी लिहायचे तर ती मायासुद्धा अडवणुकीच्या रूपानेच येते. आमच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याचे काम चालू होते. अण्णा सहज चहाला आले. आत फरशीवाला काळा ग्रॅनाइट कोरडाच कापत होता, खिडक्या बंद, तोंडाला रुमाल. अण्णांनी चप्पलही काढली नाही. बोर्डावरचे बटण बंद केले आणि त्या माणसाला हाताला धरून अंगणात आणले.

"रुमालानं नाक झाकतंय, तम्मा. छाती न्हाई झाकत," ते म्हणाले. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. "किती वर्षं करालाय हे?"

"सात-आठ झाली, अण्णा."

"रात्री झोपल्यावर खोकला?"

त्या माणसाने तोंडावरचा रुमाल सोडून खिशात घातला. पुढचा तासभर अण्णांनी त्याला अंगणात नळाची बारीक धार पात्यावर कशी घ्यायची, चिखल कोरडा होऊ न देता ओला असतानाच कसा गोळा करायचा, हे करून दाखवले. माझ्या पत्नीने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती बाहेर येऊन म्हणाली, "अण्णा, पोहे निवले. आणि माझा ओटा आज होणार आहे का?"

"न्हाई वहिनी, उद्या हुईल. पोहे गारच द्या."

दुसऱ्या दिवशी ते फरशीवाल्यासाठी धुळीचा चांगला मुखवटा घेऊन आले आणि त्याला छातीच्या तपासणीला स्वतः घेऊन गेले. इस्पितळाच्या रांगेत त्याच्याशेजारी बसून राहिले. असे त्यांनी अनेकांना नेले आहे. दरवर्षी आपल्या आवारातल्या सगळ्यांची तपासणी ते करून घेतात, आणि रांगेत पहिला नंबर स्वतःचा लावतात, म्हणजे कोणाला पळ काढता येत नाही.

आता या आठवड्याकडे येतो.

सभागृहाचे काम संघाचे अध्यक्ष आणि या गौरव समितीचे कार्याध्यक्ष जयवंतराव सावर्डेकर यांच्याकडे आहे. ते अण्णांचे जुने मित्र आणि जुने बांधकाम व्यावसायिक. सत्कारापूर्वी कमान उभी करायचीच, असा त्यांचा निर्धार होता, आणि त्यामागे अण्णांवरचे प्रेमच होते. बोअरची मोटर जळाली. आत नवी फरशी बसवलेली असल्याने तिच्यावर चिखल नको होता. कमानीचे दगड जाड, गार्ड मध्ये येत होते. मग पाणी बंद झाले, गार्ड उतरले आणि यंत्रे सभागृहाच्या आतच चालू राहिली.

मंगळवारी सकाळी समितीने अण्णांना आणि अक्कांना सभागृह दाखवायला नेले. मी सोबत होतो. दारातूनच करड्या धुळीचा लोट दिसत होता. अण्णा बोर्डाकडे चालत गेले, मेन स्विच खाली ओढला, दोन्ही पाती थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग नट आवळायचा पाना उचलून खिशात घातला. एका दगडावर बसले.

"अण्णा, तुमच्याच सत्काराचं काम चाललंय की," जयवंतराव म्हणाले.

"म्हणूनच बंद केलं. दुसऱ्याचं असतं तर आधी सांगून बघितलं असतं."

"चार दिवसांचा प्रश्न हाय."

"धूळ काय तारीख बघून आत जाती व्हय, जयवंतराव?"

यंत्रावरचे कामगार खूश नव्हते, हेही लिहिले पाहिजे. त्यांच्यातला एक जण स्पष्टच म्हणाला, "अण्णा, तुमचा सत्कार, अन् काम आमचं बंद." अण्णांनी मान हलवली. त्याचे बरोबर आहे, असे ते म्हणाले, पण पाना खिशातून काढला नाही. सुप्रिया माने यांनी त्याच दिवशी त्या सर्वांना हाताने दगड घडवण्याच्या आणि रचण्याच्या कामावर घेतले, त्यामुळे कोणाचा रोज बुडालेला नाही.

बुधवारी जयवंतराव समितीच्या दोघांना घेऊन अण्णांच्या घरी आले. अक्कांनी चहा दिला. जयवंतरावांनी तोडगा काढला होता. रविवारपर्यंत यंत्रे आहेत तशी चालू द्यावीत, पुढे सभागृहाच्या भिंतीवर अण्णांच्या नावासह सुरक्षेचे सगळे नियम पितळी अक्षरांत लावू.

"पितळंची अक्षरं नाकाला बांधता येत्यात काय?" अण्णांनी विचारले.

"पत्रिका वाटून झाल्यात. पाहुणे ठरलेत. त्यांना काय सांगू?"

"सांगा, म्हातारा अडून बसलाय."

"खरं हाय ते," अक्का आतून म्हणाल्या. "पन्नास वर्षं बघालोय. तुम्ही चहा घ्या, निवतोय."

जयवंतराव चहा न घेता उठले. दारात थांबून म्हणाले, "तुम्ही आला न्हाईसा तर सत्कार कुणाचा करू?" अण्णांनी दोन्ही यंत्रे चालवणाऱ्या दोघा कामगारांची नावे सांगितली. ती त्यांना मंगळवारच्या अर्ध्या तासात पाठ झाली होती. जयवंतरावांना ती माहीत नव्हती. माझ्या मते त्या दिवशी वादाचे पारडे तिथे फिरले.

बाहेर आल्यावर जयवंतरावांनी मला सांगितले की हे सगळे ग्रंथात नको. मी म्हणालो, हे वगळले तर अण्णांवर लिहायला माझ्याकडे त्यांची जन्मतारीख तेवढी उरते. ते तसेच निघून गेले. गुरुवारी त्यांचाच फोन आला. "छापा. पण माझं म्हणणंही छापा." त्यांचे म्हणणे असे: "घाई झाली, हे मला मान्य आहे. कुणाला इजा व्हावी असा हेतू नव्हता. मी चाळीस वर्षं बांधकाम करतोय आणि एवढी वर्षं कुणी माझा स्विच बंद केला नव्हता." त्यांच्या परवानगीने ते जसेच्या तसे दिले आहे. हे छापू देण्यासाठी लागणारा मोठेपणा त्यांच्याकडे आहे, म्हणूनच अण्णांची आणि त्यांची मैत्री इतकी टिकली असावी.

अण्णांच्या अटी चार आहेत. यंत्रे सभागृहाबाहेर, उघड्या शेडमध्ये यावीत. पाण्याचा टँकर यावा आणि धार अखंड राहावी. ओल्या जागेत विजेची गळती झाली तर क्षणात लाइन तोडणारा स्विच बसावा. गार्ड परत चढावेत, आणि जाड दगड एका दमात न कापता, उलटवून दोन्ही बाजूंनी, थोडा थोडा कापावा. या शेवटच्या अटीने वेळ दुप्पट लागतो. ती मान्य केली की कमान रविवारपर्यंत होणे नाही, हे सर्वांना कळत होते. अण्णांनाही.

सुप्रिया माने यांनी आज दुपारी दिलेली माहिती अशी. यंत्रे शेडमध्ये हलवली आहेत. स्विच बसला असून त्याची चाचणी झाली आहे. जुनी पाती उतरवून नवी आणली आहेत, कारण कोरड्या कामाने तापलेल्या एका पात्याला केसाएवढी चीर सापडली. ती चीर दिलीपरावांना सापडली, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. गार्ड शिरोलीतल्या एका वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आहेत, संध्याकाळपर्यंत येतील. टँकर उद्या सकाळचा ठरला आहे.

या ग्रंथात अण्णांविषयी अनेकांनी आदराने लिहिले आहे. ते शांत आहेत, प्रेमळ आहेत, कोणाला दुखवत नाहीत, असेही काही लेखांत वाचले. मला ते अण्णा माहीत नाहीत. मला माहीत असलेले अण्णा पुष्कळांना दुखवतात. मित्राला, गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला, वार्ताहराला, आणि स्वतःच्या सत्कार समितीला. दुखावून घरी गेलेल्या माणसांची दहा बोटे आणि दोन फुफ्फुसे मात्र शाबूत राहतात. आपण त्यांना शाल देणार आहोत. ती खांद्यावर घेऊनही ते पहिल्यांदा बघतील की तिचे टोक कुठे लोंबत नाही ना.

पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्याला दीर्घायुष्य चिंतायचे असते. आम्ही अण्णांना शंभरी चिंततो, छाती स्वच्छ राहो आणि आवाज असाच चढा राहो, ही त्यात भर. उरलेली पंचवीस वर्षेही त्यांनी आम्हाला असेच अडवावे. आम्ही कुरकुर करू. त्यांनी ती ऐकू नये. कस्तुरीअक्कांनाही तितकेच आयुष्य लाभो, कारण हा माणूस अडून बसला की चहा त्यांनाच करावा लागतो.

उद्या शनिवारी सकाळी आठ वाजता अण्णा आणि दिलीपराव शेडमध्ये पोहोचतील. जुनी पाती उतरवायला दिलीपरावांनी नेलेला पाना परत अण्णांच्या खिशात आला आहे. दोन्ही पाती उजेडात पाहिली जातील, गार्ड हलवून पाहिले जातील, पाण्याची धार पाहिली जाईल आणि यंत्रे मिनिटभर रिकामी फिरतील. सर्व नीट असेल तर कमानीचा पुढचा दगड साडेआठच्या सुमारास पात्याला लागेल. कमान रविवारी अपुरीच असेल आणि कार्यक्रम तिच्या खाली, दोन खांबांच्या मध्ये, उघड्यावर होईल, असे जयवंतरावांनी पाहुण्यांना आज कळवले आहे. यातले एक जरी कमी असेल तर यंत्रे सुरू होणार नाहीत आणि रविवारी दहा वाजता अण्णांची खुर्ची रिकामी राहील. टँकर वेळेवर निघेल, असे सुप्रिया माने म्हणतात. अण्णा म्हणतात, आल्यावर बघू.